पाड्यावरचा जन्म आणि परवान्याचा कागद

परदेशातून चोरवाटेने आलेल्या माणसाला मोटार चालविण्याचा परवाना द्यावा की नाही, हा वाद अमेरिकेत अनेक वर्षे चालू आहे. कॅलिफोर्निया राज्याने २०१३ मध्ये कायदा केला, १ जानेवारी २०१५ पासून तो अमलात आणला आणि आपल्यापुरता हा वाद मिटविला. माणूस पोटासाठी गाडी चालविणारच असेल, तर त्याची परीक्षा घेतलेली बरी, असा त्यामागचा व्यवहारी विचार होता. पालघर जिल्ह्यातील जव्हार आणि मोखाडा या तालुक्यांत हाच प्रश्न उलट्या रूपाने उभा आहे. तेथे कागदावाचून अडणारा माणूस परका नाही. तो वारली आहे, कोकणा आहे, ठाकूर आहे, कातकरी आहे. मुकणे घराण्याचे जव्हार संस्थान १९४८ मध्ये विलीन झाले. त्याच्या कितीतरी आधीपासून त्याचे पूर्वज याच डोंगरांत राहत आले आहेत.

या दोन्ही तालुक्यांत रेल्वे नाही. एस.टी.ची फेरी चुकली की खासगी जीपचाच आधार. शेती पावसापुरती, भातकापणी आटोपली की पाडेच्या पाडे वीटभट्ट्यांवर आणि शहरांतील बांधकामांवर निघून जातात. अशा ठिकाणी तरुणाला गाडी चालविता येणे म्हणजे भट्टी चुकविण्याचा एक मार्ग सापडणे होय. परंतु हात कितीही तयार असला, तरी कायद्याला हवा असतो तो कागद. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे साध्या परवान्यास वयाची अठरा आणि व्यावसायिक वाहनास वीस वर्षे पूर्ण असावी लागतात. व्यावसायिक परवान्यासाठी आठवी उत्तीर्ण असण्याची अटही होती. हरियाणातील मेवातसारख्या मागास भागातील लोक तिच्यामुळे उपजीविकेस मुकतात, हे लक्षात आल्यावर केंद्र सरकारने २०१९ मध्ये ती काढून टाकली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने विनापरवाना वाहन चालविण्याचा दंड मात्र पाचशे रुपयांवरून पाच हजारांवर नेला. शिक्षणाची अट गेली. वयाच्या पुराव्याची राहिली.

हा पुरावा आजवर बहुतांशी शाळामास्तरांच्या लेखणीने पुरविला. पोराला शाळेत घालायला आलेल्या बापाला जन्मतारीख ठाऊक नसे. मग गुरुजी अंदाजाने साल धरीत आणि १ जून ही तारीख लिहून टाकीत. महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत १ जूनला जन्मलेल्यांची जी गर्दी दिसते, तिचे रहस्य हेच. ही नोंद शास्त्रशुद्ध नव्हती, पण तिच्यात माणुसकी होती. १९८९ च्या केंद्रीय नियमांनीही सबळ कारणाने कागद देऊ न शकणाऱ्यासाठी दंडाधिकाऱ्यापुढील प्रतिज्ञापत्राची वाट खुली ठेवली होती.

ती वाट पुढच्या पिढीला उरणार नाही. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याला २०२३ मध्ये दुरुस्ती करण्यात आली आणि १ ऑक्टोबर २०२३ पासून ती अमलात आली. त्या दिवशी वा त्यानंतर जन्मलेल्या मुलाला शाळाप्रवेशापासून वाहन परवान्यापर्यंत अनेक गोष्टींसाठी जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच द्यावा लागेल. येथे गुरुजींची लेखणी थांबली.

नियम एकसारखा, म्हणून न्याय्य, असे कचेरीत बसून म्हणता येते. पाड्यावर परिस्थिती निराळी असते. जन्माची नोंद एकवीस दिवसांत आणि जेथे जन्म झाला तेथेच व्हावी, असा कायद्याचा दंडक आहे. भिवंडीकडच्या भट्टीवर जन्मलेल्या बालकाची नोंद तेथेच व्हायला हवी. पण आईबाप ते गाव सोडून पावसाळ्याआधी परततात आणि वही तेथेच राहते. घरी झालेल्या जन्माची खबर कुटुंबप्रमुखाने द्यावयाची असते. २०२२ च्या ऑगस्टमध्ये मोखाड्याच्या एका पाड्यावरून बाळंतिणीला झोळीतून रस्त्यापर्यंत न्यावे लागले आणि तिची जुळी बालके दगावली. जेथे रस्ता बाळंतिणीपर्यंत पोचत नाही, तेथे नोंदवही वेळेवर पोचेल हे गृहीत धरण्यात काय अर्थ आहे?

वर्ष उलटून गेल्यावर नोंद करण्याचा मार्ग कायद्यात आहे. पण तोही अरुंद झाला. बांगलादेशी व रोहिंग्या घुसखोरांनी असे उशिराचे दाखले मिळविल्याच्या आरोपांवरून २०२५ च्या जानेवारीत राज्य सरकारने ते देणे थांबविले, विशेष तपास पथक नेमले आणि मार्चमध्ये अधिक कडक कार्यपद्धती लागू केली. खोट्या दाखल्यांचा तपास करणे हा शासनाचा अधिकार आहे आणि कर्तव्यही. परंतु घुसखोरासाठी विणलेले जाळे घुसखोर आणि आदिवासी यांत भेद करीत नाही. खोटे कागद तयार करणाऱ्याजवळ पैसा आणि दलाल असतो. ज्याच्याजवळ कागदच नाही, त्याला मात्र रोजगार बुडवून तहसील आणि प्रांत कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात. अधिक जाच होतो तो त्यालाच.

उपाय नवा कायदा करण्यात नाही. पाड्यावरचा प्रत्येक जन्म आशा कार्यकर्ती आणि अंगणवाडी सेविका यांना ठाऊक असतो. त्यांनी दिलेली माहितीच नोंदीचा आरंभ मानावी, भट्टीच्या हंगामात निबंधकाने भट्टीवर जावे आणि जुनी राहिलेली नावे ग्रामसभेच्या साक्षीने शासनाने स्वतः शोधून लिहावीत. जन्म सिद्ध करण्याचा भार बापावर टाकण्याऐवजी नोंद का राहिली, याचा जाब वही सांभाळणाऱ्याला विचारला पाहिजे.

ऑक्टोबर २०२३ मध्ये या डोंगरांत जन्मलेले मूल २०४१ च्या ऑक्टोबरात अठरा वर्षांचे होईल. त्या दिवशी परिवहन अधिकाऱ्यापुढे त्याने गाडी नीट चालवून दाखवावी, ही अपेक्षा रास्त आहे. आपण जन्मलो होतो हे त्याला दाखवून द्यावे लागणार असेल, तर नापास तो नव्हे, आपला कारभार झालेला असेल.