पाड्याचं नाव घ्यायचं नाही

सकाळी साडेसहा

डहाणू रोडच्या फलाटावर उंबरगाव, संजाणच्या कारखान्यांत पहिल्या पाळीला निघालेल्यांची गर्दी आहे. माझे काही रुग्ण याच गर्दीत असतात. क्षयरोगाच्या रुग्णांचा पाठपुरावा हे माझं काम. फलाटावर ओळख दाखवायची की नाही, हे त्यांनी ठरवायचं. मी आपण होऊन हाक मारत नाही.

एकाचा फोन येतो. तो गाडीत सोबत्यांच्या मधोमध उभा असणार. मी फलाटाच्या टोकाला जाते आणि त्याला फक्त ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणावं लागेल असेच प्रश्न विचारते. उलटी झाली? नाही. लघवी लाल होते? हो. ती औषधाने होते, घाबरू नका. जेवण जातं? हो. त्याच्या शेजारी उभ्या असलेल्याला यातून काहीच कळत नाही.

सव्वाआठ

तलासरीची एसटी. फोनमध्ये ‘निक्षय’ या क्षयरुग्णांच्या सरकारी नोंदणी प्रणालीवरची यादी आहे: नाव, पत्ता, वजन, बँक खातं. क्षयाच्या प्रत्येक रुग्णाची एचआयव्ही तपासणी होते, म्हणजे त्या यादीत आणखी एक नाजूक नोंद असते. एचआयव्हीबाबतचा 2017 चा कायदा 10 सप्टेंबर 2018 पासून लागू आहे आणि ही माहिती गुप्त ठेवणं त्याने बंधनकारक केलंय. तेव्हा बसमध्ये यादी उघडायची नाही, एवढं सोपं आहे.

पण स्क्रीन झाकली की काम झालं, असं इथे म्हणता येत नाही. तलासरीत दहातली नऊ माणसं आदिवासी आहेत. वरठा, धोडी, डोंगरकर, खरपडे ही आडनावं पाड्यापाड्यावर भेटतात, त्यामुळे माणूस ओळखला जातो तो पाड्यावरून आणि नात्यावरून. ‘अमक्या पाड्यावरची, वीटभट्टीवरून परत आलेली सून’ एवढं बोललं की नाव घ्यायची गरज राहत नाही. मागच्या बाकावर तिचा मामा बसलेला असू शकतो. म्हणून फोनवर मी पाड्याचं नाव घेत नाही. निक्षय क्रमांकाचे शेवटचे आकडे सांगते. मध्येच गुजरातीत बोलून उपयोग नाही. सीमेवरच्या या पट्ट्यात ती सगळ्यांनाच कळते.

दहा

तलासरी. पोषणासाठी मिळणारी रक्कम 2018 मध्ये महिना 500 रुपये होती, नोव्हेंबर 2024 पासून 1000 झाली. ती थेट खात्यात जाते, म्हणून पासबुक आणि आधारची प्रत लागते. रुग्णाला कुणीतरी सांगतं, झेरॉक्सवाल्याला व्हॉट्सअॅप कर. मग आधार, पासबुक आणि कधी कधी चुकून तपासणीचा अहवालही दुकानाच्या संगणकात जाऊन पडतो आणि तिथेच राहतो. मी शक्यतो मूळ कागद समोर घेऊन दवाखान्यातच नोंद करते. दुकानात जावंच लागलं, तर प्रत निघाल्यावर फाइल समोर पुसून घ्यायची. दुकानदार त्यात कमीपणा मानत नाहीत, हा माझा अनुभव आहे.

बारा

उधव्यापर्यंत शेअर रिक्षा, पुढे आशाताईंबरोबर पायी. पिशवीवर क्षयरोग कार्यक्रमाचं चिन्ह छापलंय, ती बाजू आत. थुंकीच्या डब्या कागदी पिशवीत, कारण ती डबी आता लहान पोरंही ओळखतात.

थेट रुग्णाच्या घरी गेलं की पाड्याला सगळं कळलंच. त्यामुळे आम्ही आधी दोन-तीन घरांत जातो. कुणाला ताप आहे का, बाळाला लस दिली का, दोन आठवड्यांवर खोकला कुणाला आहे का, हे विचारतो. हे नाटक नव्हे; ते विचारायलाच हवं असतं, आणि त्यातून नवे रुग्णही सापडतात. मग त्या घरी जातो, तितकाच वेळ थांबतो.

आजची मुलगी नवी सून आहे. नवऱ्याला माहीत आहे, सासूला नाही. घरातल्या सगळ्यांची तपासणी व्हायला हवी, पण तिचं नाव पुढे करायला ती तयार नाही. तिची भीती खोटी नाही. ताट वेगळं झालेल्या आणि माहेरी धाडलेल्या बायका मी पाहिल्यात. उपचार नीट सुरू झाले की थोड्याच आठवड्यांत दुसऱ्याला लागण होण्याचा धोका बराच उतरतो, हे मी तिला विहिरीच्या वाटेवर, आशाताई पुढे गेल्यावर सांगते. तपासणी ‘सगळ्या पाड्याची’ म्हणून लावता येईल, असं आमचं ठरतं. सासूला सांगायचं का आणि कधी, हे तीच ठरवणार. क्षयाचा रुग्ण सरकारला कळवणं 2012 पासून बंधनकारक आहे. शेजाऱ्यांना कळवणं कोणत्याही कायद्यात नाही.

तीन

आढावा बैठक फोनवर, आणि रेंज मिळते ती फक्त नाक्यावरच्या चहाच्या टपरीजवळ. इअरफोन असले तरी माझा आवाज बाहेर जातोच. उपचार सोडलेल्यांची नावं वाचायला सुरुवात होते तेव्हा मी लिहिते: ‘सार्वजनिक ठिकाणी आहे, क्रमांक सांगा, उत्तर लिहून देते.’ पूर्वी यावर कुरकुर व्हायची, आता होत नाही.

व्हॉट्सअॅप गटात मात्र फोटो येतो. निक्षय मित्रांकडून, म्हणजे रुग्णांना पोषणाची मदत देणाऱ्या दात्यांकडून, मिळालेलं धान्याचं किट हातात धरलेली पाच माणसं, चेहरे स्पष्ट, मागे आजाराच्या नावाचा फलक. ही योजना 2022 पासून आहे आणि चांगली आहे. डाळ, तेल, शेंगदाण्यांनी वजन वाढतं. मदत घ्यायला रुग्णाने संमती दिलेली असते, फोटोला नाही. दिवसभर आम्ही जे जपतो ते असल्या एका फोटोत उघडं पडतं, याचा मला मनापासून राग येतो. मी फोन करून तो फोटो गटातून काढून टाकायला लावते. किटचा फोटो घ्या, माणसांचा कशाला?

सहा

परतीची एसटी. शेजारी बसलेली बाई दुपारी पाड्यावर होती.

“ताई, कोणाकडे आलेलात?”

“सगळ्यांकडेच. तुमच्या घरी कुणाला खोकला आहे का, दोन आठवड्यांवर?”

ती जरा थांबते. सासऱ्यांना आहे, म्हणते, आणि रात्री घामही येतो. बस भरलेली आहे, म्हणून मी पुढे काही विचारत नाही. चारोटीला उतरताना फक्त विचारते, उद्या सकाळी घरी कोण असेल? उद्या तिकडे जायचं, पण आधी शेजारच्या दोन घरांत.