दादरावर ऊब, खाली गारठा

बैहरहून मुक्कीच्या फाटकातून कान्हा राष्ट्रीय उद्यानात शिरलात आणि डिसेंबरची पहाट असेल, तर एक उलटी गंमत दिसते. खालच्या मैदानात गवताच्या पात्यांवर दव गोठून पांढरी साय धरलेली असते. गाडी बम्हनी दादर या सपाट माथ्याच्या डोंगरावर चढली की मात्र कानटोपी काढावीशी वाटते.

उंच गेलं की गारवा वाढतो, किलोमीटरमागे साधारण साडेसहा अंश, असं आपण शाळेत घोकलेलं. पण निरभ्र, वारा नसलेल्या रात्री जमीन उष्णता भराभर आकाशात सोडते. तिला टेकलेली हवा थंड आणि जड होते, आणि पाण्यासारखी उतारावरून घरंगळत मैदानात साचते. गारठ्याचं तळंच ते! तिथे सालाच्या रोपांची कोवळी पालवी करपते. मैदानं मोकळी राहायला हेही एक कारण.

मग दादराचा माथा उघडा का? त्याची गोष्ट निराळी. मैकल डोंगररांगेतल्या या सपाट माथ्यांवर जांभ्याचं टोपण आहे. लाखो वर्षांच्या पावसाने खडकातली सिलिका धुऊन नेली, लोह आणि ॲल्युमिनियम मागे उरलं. वर माती वीतभर, पाणी झिरपून जातं, त्यामुळे गवत फोफावतं आणि झाडं खुरटतात.

रत्नागिरीकराला हे सांगायला नको. समुद्रकड्यांवरचा त्याचा सडा, म्हणजे जांभ्याचं उघडं पठार, हा दादराचा भाऊच, फक्त खाली सालाच्या जंगलाऐवजी लाटा.