रात्री दोन वाजता कोण येतं?

आई-बाबांना इकडे आणायचं, गावीच ठेवायचं की ‘तसल्या’ ठिकाणी चौकशी करायची? अप्रेझल आणि ईएमआयच्या गडबडीत आपण हा प्रश्न ढकलत राहतो. मग एक दिवस फोन येतो.

मला फोन आला तेव्हा सकाळचे पावणेसात वाजले होते. जुलै महिना, बाहेर धो-धो पाऊस आणि मोबाइलवर रेवसच्या शेजारच्या काकांचं नाव. इतक्या सकाळी गावाहून येणारा फोन चांगल्या बातमीचा नसतो.

“वहिनी बोलतायत, तू घाबरू नको. रात्री न्हाणीत घसरल्या. हात सुजलाय, अलिबागला नेतोय.”

आता जरा नकाशा बघा. रेवस म्हणजे अलिबाग तालुक्याचं उत्तर टोक, धरमतर खाडीच्या तोंडावरचं. भाऊच्या धक्क्यावरून लाँच पकडली की साधारण दीड तासात तुम्ही घरी. समोर करंजा, पलीकडे मुंबई. ऑफिसात मी ऐटीत सांगायचो, “आमचं गाव ना, हे काय, समोरच!”

पण लाँच रात्री नसते. मांडव्याहून गेटवेला जाणाऱ्या बोटी पावसाळ्यात बंद. २०२०मध्ये रो-रो सुरू झाली, पण पावसात तिलाही हवामान बघावं लागतं. रेवस-करंजा पुलाबद्दल तर अंतुले मुख्यमंत्री होते तेव्हापासून ऐकतोय. समुद्र आपलं वेळापत्रक पाळत नाही, हे रेवसच्या माणसाला शिकवावं लागत नाही. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसं गेली. त्यामुळे मी मुकाट्यानं गाडी काढली आणि पनवेल-पेण-वडखळचा शंभरेक किलोमीटरचा वळसा घेतला.

दुपारी पोचलो. आईच्या मनगटाला प्लास्टर होतं आणि तिचा पहिला प्रश्न होता, “रजा टाकलीस? कशाला उगाच?”

ती पडली होती रात्री दोनला. काकू दूध घेऊन आल्या साडेपाचला. मधले साडेतीन तास ती न्हाणीच्या ओल्या फरशीवर होती. मोबाइल खोलीत चार्जिंगला होता.

हे मनगटावर निभावलं. समजा, तो पक्षाघाताचा झटका असता तर? रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन लक्षणं सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, तेही सीटी स्कॅन झाल्यावर. त्यातले साडेतीन तास न्हाणीतच गेले असते.

गिल्ट ट्रिप, कांदिवली फास्ट

मग आपण सगळे करतो तेच मी केलं. “बस्स झालं आई, आता तू माझ्याकडे चल!” तिसऱ्या दिवशी तिला कांदिवलीच्या वन बीएचकेमध्ये आणलं. बायकोनं हॉलमधला सोफा-कम-बेड तिच्यासाठी लावून दिला. मी स्वतःवर जाम खूश. फेसबुकवर फोटोसुद्धा टाकला.

पहिला आठवडा मजेत गेला. दुसऱ्या आठवड्यात लक्षात आलं की आम्ही दोघं सकाळी आठला बाहेर पडतो ते रात्री नऊला परततो. मधले तेरा तास आई, टीव्ही आणि बंद दरवाजा. सोसायटीत कुणी ओळखीचं नाही. लिफ्टला ती घाबरायची, रस्ता ओलांडायला त्याहून जास्त. दोन खोल्यांच्या घरात ती पाहुण्यासारखी वागायला लागली. पंखा लावतानासुद्धा विचारायची, “लावू का रे?”

रेवसला तिचा दिवस कसा जातो, ते मी मग पहिल्यांदा नीट आठवून बघितलं. सकाळी बोडणीची कोळीण म्हावरं घेऊन पडवीत टेकते. भाव कमी, गप्पा जास्त. वाडीतल्या नारळांवर नजर ठेवायची असते. दुपारी दोघी-तिघी वाल सोलायला जमतात. एक दिवस दार उघडलं नाही, तर दहाच्या आत कुणीतरी हाक मारतंच.

हिशेब उलटा निघाला. रेवसला दिवसभर माणसं आहेत, रात्री कुणी नाही. कांदिवलीला रात्री माणसं आहेत, दिवसभर कुणी नाही. कांदिवलीत ती दुपारी दोनला पडली असती, तर आम्हाला रात्री नऊला कळलं असतं. म्हणजे मी तिला सुरक्षित जागी आणलंच नव्हतं. फक्त माझा गिल्ट कमी करून घेतला होता.

आधी गरज बघा, मग जागा

आपली चर्चा नेहमी ‘आपल्याकडे की वृद्धाश्रमात?’ अशी सुरू होते आणि तिथंच रडारडीत संपते. त्यापेक्षा कागद घ्या आणि सहा गोष्टी लिहा: अंघोळ, कपडे, संडास, उठणं-चालणं, जेवणं, लघवी-शौचावर ताबा. डॉक्टरही माणूस किती स्वावलंबी आहे ते याच यादीवरून जोखतात. यातलं आई-बाबांना स्वतःचं स्वतः काय जमतं आणि कशाला हात लागतो? शिवाय गोळ्या, पैसे, फोन आणि गॅस यांचा विसर पडतो का? जागा कुठली हवी, ते या यादीवरून ठरतं.

सगळं जमत असेल, तर राहतं घर सर्वांत बरं. पण घर बदलावं लागेल. न्हाणीला धरायला भक्कम दांडे, न घसरणारी फरशी, पायाच्या संडासाऐवजी कमोड, पलंगापासून न्हाणीपर्यंत रात्रीचा दिवा. उंबऱ्यापाशी अडखळायला होत असेल, तर तिथं उतार. एक किल्ली शेजाऱ्यांकडे. मोबाइल गळ्यात, चार्जिंगला नव्हे. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका मोफत आहे, तो नंबर भिंतीवर मोठ्या अक्षरात. सर्वांत जवळच्या मोठ्या हॉस्पिटलला किती वेळ लागतो, ते एकदा घड्याळ लावून बघा. रेवसहून अलिबागचं जिल्हा रुग्णालय वीस-पंचवीस किलोमीटरवर आहे.

एखाद-दोन गोष्टींना हात लागत असेल, तर माणूस हवं. गावात ओळखीची बाई मिळते, शहरात ब्युरोकडून आया मिळते. पण ‘जरा लक्ष ठेवा हं’ ही व्यवस्था नव्हे. कामाचे तास, पगार, सुट्टी आणि सुट्टीच्या दिवशी बदली कोण, हे आधी ठरवा. शेजाऱ्यांच्या चांगुलपणावर किती वर्षं काढणार?

सोबत हवी, पण घर झेपत नाही, अशांसाठी ज्येष्ठांची संकुलं आहेत. पुण्यात परांजपे स्कीम्सच्या ‘अथश्री’नं ही कल्पना मराठी मध्यमवर्गात रुजवली. आपला फ्लॅट, आपलं कुलूप आणि खाली मेस, डॉक्टर, गप्पांचा कट्टा. आमच्या रायगड जिल्ह्यात नेरळला, माथेरानच्या पायथ्याशी, डिग्निटी लाइफस्टाइलची टाउनशिप उभी राहिली. तिथं स्मृतिभ्रंश झालेल्यांच्या देखभालीचाही विचार झाला. नवं संकुल बघत असाल, तर महारेरानं २०२४मध्ये ज्येष्ठांच्या घरांसाठी काढलेले नियम विचारा. एकापेक्षा जास्त मजले असतील तर लिफ्ट, व्हीलचेअर जाईल असे किमान ९०० मिलिमीटर रुंद दरवाजे, न घसरणाऱ्या फरश्या. ब्रोशरवरच्या स्विमिंग पूलपेक्षा हे महत्त्वाचं.

दोनपेक्षा जास्त गोष्टींना हात लागत असेल, तर चोवीस तास देखभालीची जागा लागते. इथं मोठा घोळ होतो. अनेक वृद्धाश्रम ‘स्वतःचं स्वतः करणाऱ्या’ माणसांनाच घेतात. अंथरुणाला खिळल्यावर ‘घेऊन जा’ म्हणतात. म्हणून पहिल्याच भेटीत विचारा, “आई अंथरुणाला खिळली तर तुम्ही ठेवाल का?” उत्तर लेखी घ्या.

जागा बघायला जाताना

* कळवून एकदा जा, न कळवता एकदा जा. दुसऱ्यांदा जेवणाच्या वेळी.
* रात्री किती माणसं ड्युटीवर असतात? नर्स की नुसता वॉचमन?
* हॉस्पिटलला न्यायला गाडी कुणाची? सोबत कोण जातं?
* डिपॉझिट किती, परत किती आणि कधी? दरवर्षी फी किती वाढते?
* डायपर, औषधं, फिजिओथेरपी फीमध्ये की वेगळी?
* तिथं राहणाऱ्या आजी-आजोबांशी दहा मिनिटं बोला, ऑफिसवाला बाजूला नसताना.
* आई-बाबांना सोबत न्या. घर त्यांचं ठरतंय, तुमचं नव्हे.

घर कुणाच्या नावावर?

‘नटसम्राट’ १९७०मध्ये रंगभूमीवर आलं. अप्पासाहेब बेलवलकरांनी सगळं मुलांना वाटून टाकलं आणि पुढचं आपल्याला माहीत आहे. कायद्यानं या चुकीवर उपाय ठेवला तो २००७मध्ये, आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिक चरितार्थ व कल्याण कायदा करून. त्याच्या कलम २३ नुसार, सांभाळण्याच्या अटीवर मालमत्ता दिली आणि पुढे सांभाळलं नाही, तर ते हस्तांतरण रद्द करून घेता येतं. अर्ज करायचा प्रांताधिकाऱ्यांच्या दर्जाच्या अधिकाऱ्यापुढच्या न्यायाधिकरणाकडे. पण बक्षीसपत्रात ती अट स्पष्ट लिहा. ‘घरातलाच तर आहे’ म्हणून गाळू नका.

तुम्ही कितीही गुणी असा, त्यांचं घर त्यांच्या हयातीत त्यांच्याच नावावर राहू द्या. पुढचं मृत्युपत्रात लिहिता येतं. रेवस-मांडवा पट्ट्यात आता जमिनीला भाव आहे, वाडी विकून पैसे मोकळे करायचा मोह होतो. मलाही झाला. पण ती वाडीच आईची रोजची कंपनी आहे.

दोन गोष्टी मात्र या आठवड्यातच करा. ऑक्टोबर २०२४पासून ७० वर्षांवरच्या सर्वांना, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान भारतमध्ये वर्षाला कुटुंबामागे पाच लाखांपर्यंत हॉस्पिटलचं संरक्षण आहे. आधार कार्ड घेऊन ते कार्ड काढा आणि जवळचं कुठलं हॉस्पिटल यादीत आहे ते बघा. दुसरं, ज्येष्ठांसाठीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४५६७ त्यांच्या मोबाइलमध्ये सेव्ह करून द्या.

आईचा डिसिजन

सगळा अभ्यास करून मी एक्सेल शीट बनवली. कॉलमला रंग वगैरे. रविवारी आईसमोर लॅपटॉप ठेवला. तिनं चष्मा लावून सगळं वाचलं आणि म्हणाली, “यात मला काय हवंय, तो रकाना कुठाय?”

खरंच नव्हता.

तिला काय हवं होतं, ते तिनं पाच मिनिटांत सांगितलं. जमतंय तोवर रेवस. न्हाणी नीट करून दे. रात्री एकटं झोपायला आता तिलाही भीती वाटते, पण ‘तुला टेन्शन नको’ म्हणून ती बोलली नव्हती. आणि पुढे अंघोळ-संडासाला माणूस लागलं, तर सुनेकडून करून घ्यायचं नाही, चांगली जागा बघायची. हे वाक्य उच्चारायची हिंमत मला दोन वर्षं झाली नव्हती. तिनं ते पंख्याचा स्पीड कमी करता करता सांगून टाकलं.

गणपतीआधी ती परत गेली. न्हाणीत दांडे बसले, कमोड आला. गावातल्याच एक मावशी रात्री आठ ते सकाळी सहा सोबतीला येतात, ठरलेल्या पगारावर, महिन्याला चार सुट्ट्यांसह. सुट्टीच्या दिवशी मी किंवा बहीण जातो. पावसाळ्याआधी दोन जागा तिच्यासोबत बघून ठेवायच्या आहेत, घाई नसताना. आणि दर सहा महिन्यांनी ती सहा गोष्टींची यादी पुन्हा काढायची, कारण आज जमतंय ते कायम जमेल असं नाही.

परवा रात्री फोन केला. विचारलं, “मावशींचं कसं चाललंय?”

“बाई चांगली आहे. पण घोरते फार.”

“मग दुसरी बघू का?”

“नको रे,” आई म्हणाली, “घोरणं ऐकू येतं, म्हणजे कुणीतरी आहे, हे कळतं.”