थंडीत डिझेल गाडी का रुसते?

काही वर्षांपूर्वीची जानेवारीतली पहाट. भोकरदन तालुक्यातल्या आमच्या गावात शेजारच्या काकूंना दम लागला होता. त्यांना जालन्याला न्यायचे होते आणि दारात माझ्या चुलतभावाची डिझेल व्हॅन उभी होती. एरवी ती सकाळी भोकरदनच्या बाजारला आणि शाळेच्या फेऱ्यांना जायची. त्या दिवशी सेल्फ मारला की इंजिन दोन-तीन आळोखेपिळोखे देई आणि गप्प होई. चार जणांनी धक्का मारला, तरी चालू होईना. शेवटी कोणीतरी काडीला चिंधी गुंडाळून पेटवली आणि इंजिनाच्या खाली धरली. चेंबरला तेलकट मळ होता, त्याने पेट घेतला. गोणपाट टाकून आग विझवली म्हणून गाडी वाचली. काकूंना दुसऱ्या गावाहून जीप बोलावून नेले. त्या बऱ्या झाल्या, पण दीड तास गेला तो गेलाच.

नंतर एका मिस्त्रीने सांगितले, "दादा, डिझेल गोठलं होतं. रॉकेल घाला थोडं." आठवड्याने पुन्हा तेच झाले, तेव्हा दुसऱ्याने सांगितले की इंजिन खोलावे लागेल. भावाने उसनवारी करून इंजिन खोलले, रिंगा बदलल्या. पुढच्या गार पहाटे गाडी पुन्हा रुसली. खरा दोष सापडला तो महिन्याभराने. बॅटरीपासून इंजिनाकडे जाणारी अर्थिंगची जाड पट्टी बोल्टाखाली हिरवी-पांढरी होऊन कुजली होती. पॉलिश पेपरने घासून ती पुन्हा आवळली आणि गाडी पहिल्या सेल्फला सुरू झाली.

तेव्हापासून मी या विषयाच्या मागे लागलो. शिक्षणाने मी इंजिनिअर नाही. मिस्त्रींच्या शेजारी बसून, जुनी मॅन्युअल वाचून आणि मीटर लावून बघून जे समजले, ते येथे मांडतो.

डिझेल खरोखर गोठते का?

आपल्याकडे हा समज पक्का असण्याचे कारण घरातच आहे. दिवाळीच्या अभ्यंगाला खोबरेल तेलाची बाटली उन्हात ठेवावी लागते, कारण ते साधारण २४ अंशांखाली घट्ट होऊ लागते. मग डिझेलही तेलच, तेही गोठत असणार, असे माणसाला वाटते.

डिझेलमध्ये मेणासारखा अंश असतो हे खरे. गारठा वाढला की त्याचे बारीक कण तयार होतात, डिझेल गढूळ दिसते आणि ते कण फिल्टरच्या कागदावर साचतात. डिझेल वाहायचे थांबण्याच्या आधीच फिल्टर तुंबतो. म्हणून भारतीय मानक आयएस १४६० मध्ये दोन वेगळ्या मर्यादा दिल्या आहेत. नोव्हेंबर ते फेब्रुवारी या हिवाळी महिन्यांत मिळणाऱ्या डिझेलचा फिल्टर तुंबण्याचा बिंदू जास्तीत जास्त ६ अंश सेल्सियस आणि वाहणे थांबण्याचा बिंदू जास्तीत जास्त ३ अंश असावा लागतो. उरलेल्या महिन्यांत याच मर्यादा १८ आणि १५ अंश असतात.

आता आपल्या थंडीकडे पाहू. जालना जिल्ह्यात थंडीच्या लाटेत पारा एक आकडी होतो. पण सात-आठ अंशांच्या पहाटेही हिवाळ्यात पंपावरून भरलेले डिझेल फिल्टर तुंबवू नये. अपवादाच्या पहाटा असतात. डिसेंबर २०१८ मध्ये शेजारच्या परभणीत पारा दोन अंशांच्या आसपास उतरला होता. लडाखची गोष्ट तर निराळीच. तेथल्या कडाक्यासाठी इंडियन ऑइलने नोव्हेंबर २०१९ मध्ये उणे ३३ अंशांपर्यंत वाहते राहणारे खास हिवाळी डिझेल आणले.

म्हणजे आपल्याकडे पहिला प्रश्न असा की डिझेल कधी भरले? ट्रॅक्टरसाठी मे-जूनमध्ये ड्रममध्ये भरून ठेवलेले डिझेल जानेवारीत व्हॅनमध्ये ओतले, तर ते उन्हाळी डिझेल असते. त्याची मर्यादाच १८ अंशांची. तेथे 'गोठले' हे म्हणणे खरे ठरू शकते. शंका असेल तर एक सोपी तपासणी आहे. पारदर्शक काचेच्या बाटलीत टाकीतले थोडे डिझेल घ्या, बूच घट्ट लावा, रात्रभर गाडीशेजारी, विस्तवापासून दूर ठेवा. पहाटे डिझेल स्वच्छ असेल तर दोष दुसरीकडे शोधा. मी आजवर पाहिलेल्या बहुतेक बाटल्या स्वच्छच निघाल्या.

रॉकेल घालणे हा उपाय नव्हे. डिझेल पंपाचे आतले भाग डिझेलच्याच स्निग्धतेवर चालतात, रॉकेल पातळ आणि कोरडे. पहाट निभावते, पण पंप लवकर झिजतो.

पंपाची नळी आणि डिझेलसाहेबांचे इंजिन

मग थंडीचा घाव बसतो कोठे? रुडॉल्फ डिझेल यांचे पहिले यशस्वी इंजिन १८९७ साली जर्मनीतल्या आउग्सबुर्ग येथे चालले. त्यात ठिणगी नव्हती. सायकलला हवा भरताना पंपाची नळी तापते, तोच धर्म त्यांनी वापरला. हवा इतकी दाबायची की ती स्वतःच तापेल आणि त्यात डिझेलचा फवारा मारताच तो पेटेल.

एक हिशेब करून पाहू. हवा मूळ आकारमानाच्या अठराव्या भागात दाबली आणि उष्णता कोठेच गळली नाही असे धरले, तर ३५ अंशांची हवा सुमारे ७०५ अंशांपर्यंत तापते. तीच हवा आठ अंशांची असेल तर सुमारे ६२० पर्यंत. बाहेरचा २७ अंशांचा फरक आत ८५ अंशांचा होतो. तरीही ६२० अंश डिझेल पेटवायला भरपूर आहेत. निरोगी इंजिन आपल्या थंडीत सुरू व्हायलाच हवे.

पण प्रत्यक्षात उष्णता गळते. सिलिंडरच्या गार भिंती ती शोषतात आणि झिजलेल्या रिंगांमधून दाबलेली हवा निसटते. इंजिन जितके सावकाश फिरेल तितका गळायला वेळ जास्त. म्हणून थंडीत सेल्फचा वेग हा जीव की प्राण. नेमक्या त्याच वेळी बॅटरीची ताकद थोडी घटलेली असते आणि इंजिन ऑइल घट्ट होऊन फिरवायला जड झालेले असते. उन्हाळ्यात एखाद्या कमजोर दुव्यावर निभावून जाते, हिवाळ्यात तोच दुवा तुटतो. आमच्या व्हॅनची अर्थिंग पट्टी जानेवारीत कुजली नव्हती. ती आधीपासून कुजत होती, जानेवारीने ती दाखवली.

तीन प्रश्न

गाडी सुरू होत नसेल तर पाना हातात घेण्याआधी तीन प्रश्न विचारावेत. सेल्फ कसा फिरतो? सायलेन्सरमधून धूर येतो का? आला तर कोणता?

सेल्फ जड फिरत असेल तर वीज तपासा. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीची चांगली बॅटरी सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते. १२.२ म्हणजे ती अर्धीच भरली आहे. सेल्फ मारताना आकडा ९.६ च्या खाली कोसळत असेल तर बॅटरी संशयित. तो कोसळत नसूनही सेल्फ जड असेल तर अर्थिंग बघा. मीटरची एक तार बॅटरीच्या ऋण टोकाला, दुसरी इंजिनाच्या उघड्या लोखंडाला लावा आणि कोणाला तरी सेल्फ मारायला सांगा. आकडा अर्ध्या व्होल्टच्या वर गेला तर अर्थिंगचा रस्ता खराब. हे दोन मिनिटांचे काम आमच्याकडे कोणी केले असते तर इंजिन खोलावे लागले नसते. शिवाय ऑइल कंपनीने सांगितलेल्या ग्रेडचेच आहे ना, हेही पाहावे.

सेल्फ जोरात फिरतो, पण धूर अजिबात नाही, तर डिझेल सिलिंडरपर्यंत पोचत नाही. फिल्टर तुंबला असेल, पंपाचा डिझेल बंद करणारा सोलेनॉइड उघडत नसेल किंवा लाइनने एअर धरली असेल. रबरी नळी थंडीत कडक होते, क्लिपखाली बारीकशी फट पडते. तेवढ्यातून रात्रभर हवा शिरते आणि डिझेल टाकीकडे परत उतरते. हँड पंप मारला की गाडी लगेच सुरू होते आणि दुसऱ्या पहाटे पुन्हा तेच, ही त्याची खूण. जुन्या पंपाच्या गाडीत परतीच्या नव्हे, पंपाकडे येणाऱ्या लाइनमध्ये पारदर्शक नळीचा तुकडा बसवला तर बुडबुडे डोळ्यांना दिसतात. फिल्टरखालचे पाणीही याच वेळी सोडावे. अर्धी रिकामी टाकी रात्री गार पडली की आतल्या हवेतली वाफ पाणी होऊन तळाशी बसते.

सेल्फ जोरात फिरतो आणि पांढरा, डिझेलचा वास असलेला धूर येतो, तर डिझेल पोचते आहे पण पेटत नाही. येथे पहिला संशय हीटर प्लगवर.

हीटर प्लगची गोष्ट

काही इंजिनांत डिझेल थेट पिस्टनवर न फवारता आधी एका छोट्या खोलीत फवारले जाते. ट्रॅक्समधले मर्सिडीज घराण्यातले इंजिन या जातीचे, २००५ साली आलेल्या टाटा एसचे म्हणजे आपल्या छोट्या हत्तीचे दोन सिलिंडरी इंजिनही याच जातीचे. या खोलीच्या भिंती जास्त उष्णता खातात, म्हणून सुरुवातीला आत लालबुंद होणारा हीटर प्लग लागतो. चावी फिरवल्यावर डॅशबोर्डवर कॉइलचे चिन्ह पेटते, ते विझेपर्यंत थांबायचे असते. घाईत सेल्फ मारणारे चालक मी रोज पाहतो.

फार जुन्या इंजिनांत हे प्लग दिवाळीच्या जुन्या माळेसारखे एकामागे एक जोडलेले असत, एक गेला की सगळे गार. नंतरच्या गाड्यांत ते स्वतंत्र असतात. त्यामुळे एखादा गेला तरी गाडी कशीबशी सुरू होते, पण थरथरते आणि मिनिटभर पांढरा धूर टाकते. हे लक्षण उन्हाळ्यात दिसतच नाही. तपासायला प्लगची तार सोडा, बॅटरीच्या धन टोकाला जोडलेल्या टेस्ट लॅम्पचे दुसरे टोक प्लगला लावा. दिवा लागला नाही तर तो प्लग तुटला. सगळे प्लग ठीक असतील तर रिले आणि फ्यूज बघा.

नव्या कॉमन रेल इंजिनांत फवारा थेट पिस्टनवर, प्रचंड दाबाने बसतो. आपल्या थंडीत ती बहुधा प्लगच्या मदतीशिवायही सुरू होतात. तेथे रुसवा दिसला तर आधी बॅटरी आणि फिल्टर, मग स्कॅनर.

वीज, डिझेल, हीटर हे सगळे ठीक निघाले तरच कॉम्प्रेशन मोजावे आणि इंजिन खोलण्याची भाषा करावी. क्रम उलटा झाला की खर्चही उलटा होतो.

जे करू नये

इंजिनाखाली टेंभा धरू नये. का, ते सुरुवातीला सांगितले. हवेच्या नळीपाशी पेट्रोलची चिंधी धरू नये. ईथरचा स्प्रे तर हीटर प्लगच्या इंजिनात मारूच नये. तापलेल्या प्लगवर तो वेळेआधीच भडकतो, रिंगा आणि पिस्टन फुटू शकतात.

आमच्या भागात रात्री दवाखान्यात जायचे झाले तर दारातली काळी-पिवळी किंवा शेजाऱ्याची व्हॅन हाच आधार असतो. मोसंबीचा माल घेऊन पहाटे मार्केटला पोचायचे तरी तीच. भाऊ आता लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी गाडी धुतो, तेव्हाच बॅटरीची टोके घासतो, अर्थिंग आवळतो, फिल्टरचे पाणी सोडतो आणि एकेक हीटर प्लग दिवा लावून बघतो. अर्ध्या तासाचे काम आहे. गेल्या जानेवारीत काकूंना पुन्हा एकदा रात्री जालन्याला न्यावे लागले. चिन्ह विझेपर्यंत तो थांबला, सेल्फ मारला आणि गाडी निघाली.