गिधाडे आणि गोठा

मेलेल्या ढोरावर घिरट्या घालीत उतरणारी गिधाडे ज्यांनी बालपणी पाहिली, अशी वयस्क माणसे मावळात अजून भेटतात. परंतु ती का गेली, आणि परतावीत म्हणून शास्त्रज्ञांस आपण कसे साहाय्य करावे, याविषयीचे रूढ समज बहुधा चुकीचे असतात.

गैरसमज : गिधाडे उपासमारीने गेली.
वस्तुस्थिती : १९९२ ते २००७ या अवधीत पांढऱ्या पाठीची गिधाडे भारतात ९९ टक्क्यांहून अधिक घटली, तेव्हा मेलेल्या ढोरांचा तुटवडा नव्हता. मृत पक्ष्यांच्या विच्छेदनात आतड्या-काळजावर खडूच्या भुकटीसारखा पांढरा थर आढळे. तो मूत्रपिंडे निकामी झाल्याने साचलेल्या युरिक आम्लाचा असून, त्याचे मूळ जनावरांना तेव्हा टोचल्या जाणाऱ्या व त्यांच्या शवांतून गिधाडांच्या पोटात जाणाऱ्या डायक्लोफेनॅक या वेदनाशामकात आहे, हे २००४ साली पाकिस्तानातील संशोधनाने सिद्ध केले.

गैरसमज : बंदी झाली, प्रश्न मिटला.
वस्तुस्थिती : २००६ साली जनावरांसाठीच्या डायक्लोफेनॅकला मनाई झाली खरी, तथापि माणसांसाठीच्या मोठ्या कुप्या गोठ्यांत पोचतच राहिल्या, म्हणून २०१५ साली कुपीचे माप ३ मिलिलिटरवर आणावे लागले, आणि गिधाडांस घातक अशा किटोप्रोफेन व असिक्लोफेनॅक यांवरील बंदी तर २०२३ साली आली.

गैरसमज : पिंजऱ्यात पैदास केली की थवे परततील.
वस्तुस्थिती : हरियाणात पिंजोर येथे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी व तेथील वनखाते अशी पैदास करतात, परंतु मादी हंगामात एकच अंडे घालते, पिलू वयात येण्यास सुमारे पाच वर्षे लागतात, आणि विषारी मुलखात सोडलेला पक्षी पहिल्याच मेजवानीत दगावू शकतो.

गैरसमज : हे काम केवळ शास्त्रज्ञांचे.
वस्तुस्थिती : घाटाखाली म्हसळ्याजवळच्या चिरगावात महाडच्या 'सिस्केप' संस्थेसह ग्रामस्थ गिधाडांच्या रक्षणास हातभार लावतात. लांब चोचीचे गिधाड कड्याकपारींत हिवाळ्यात घरटे करते. म्हणून लोणावळ्याच्या कड्यांवर दोर लावणाऱ्या गिर्यारोहकाने गिधाड दिसताच दूर राहावे, दिवस, जागा व संख्या यांची वर्दी वनखात्यास द्यावी, आणि घरट्याचे छायाचित्र चारचौघांत फिरवू नये. शेतकऱ्याचे काम याहून सोपे व याहून मोलाचे : म्हैस आजारी पडली, की सुई टोचण्यापूर्वी "डॉक्टरसाहेब, मेलॉक्सिकॅम चालेल ना?" एवढे विचारणे, कारण प्रयोगशाळेने गिधाडांस निर्दोष ठरविलेले हे औषध गोठ्यात खरोखर येते की नाही, हे तेथे म्हशीची मान धरून उभ्या असलेल्या धन्यालाच दिसते.