उरलेल्या मटणाचे शेंगोळे

होळीला पुरणपोळी आणि धुळवडीला मटण, हा क्रम धाराशिव जिल्ह्यातल्या अनेक घरांत ठरलेला असतो. श्रावण लागण्याआधीचा आखाड आणि नवरात्र उठल्यानंतरचे दिवसही मटणाचेच. पीराच्या किंवा देवीच्या नवसाची कंदुरी असली की अख्खा बोकड शिजतो, आणि बकरी ईदला कुर्बानीच्या मटणाचे वाटे नातेवाइकांकडे व गरजूंकडे जाऊनही घरात पातेलेभर उरते. दुसऱ्या दिवशी त्या पातेल्यात मऊ मांसाचे तुकडे मोजकेच दिसतात. उरलेली असतात ती नळ्या, फासळ्या, मानेचे व सांध्यांचे तुकडे आणि तळाशी दाटलेला रस्सा. एवढ्या ऐवजातून, त्याला भाजलेल्या धान्या-मसाल्याचे येसर लावून आणि हुलग्याचे शेंगोळे सोडून, चार माणसांचे सायीसारखे दाट सूप होते. त्यात साय, लोणी किंवा दूध काहीच लागत नाही.

या भागातले मटण बहुधा शेळीचे, आणि शेळी म्हटली की उस्मानाबादी. बहुतांशी काळ्या रंगाची, मध्यम बांध्याची, जुळी करडे देण्यासाठी नावाजलेली आणि कोरडवाहू माळावर तग धरणारी ही जात धाराशिवबरोबर लातूर, बीड, सोलापूर या शेजारच्या जिल्ह्यांतही पाळली जाते. २०२३ मध्ये जिल्ह्याचे उस्मानाबाद हे नाव बदलले, शेळीचे मात्र जुनेच राहिले. शेळीची चरबी मुख्यतः पोटात आणि गुर्द्याभोवती साठते; मांसाच्या धाग्यांमध्ये ती कमी असते. त्यामुळे मांसाचा निवळ तुकडा दुसऱ्यांदा शिजवला की चिवट आणि कोरडा होतो. हाडाभोवतालचे पडदे, कूर्चा आणि सांधे यांचे याच्या उलट असते. ते जितके जास्त शिजतील तितके सुटतात. म्हणून उरलेल्या मटणाचे सूप करताना मांस आणि हाडे यांची वाट पहिल्यापासून वेगळी करावी लागते.

या कामाची सुरुवात सणाच्या रात्रीच होते. धुळवड येते मार्चमध्ये, तेव्हा दुपारचा पारा पस्तिशीकडे सरकलेला असतो. शिजलेले मटण ५ ते ६० अंश सेल्सिअसच्या दरम्यान राहिले की त्यात जंतू झपाट्याने वाढतात. एरवी ते दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये जायला हवे; बाहेरचा पारा ३२ अंशांच्या वर असेल तर तासाभरातच. मोठे पातेले तसेच फ्रिजमध्ये ठेवले तर मधला भाग कित्येक तास कोमट राहतो. रस्सा उथळ डब्यांत काढला, किंवा पातेले परातीतल्या गार पाण्यात ठेवून पळीने हलवले, की तो लवकर निवतो. फ्रिज नसताना सकाळ-संध्याकाळ रश्शाला उकळी देऊन ठेवण्याची रीत होती. उकळीने जंतू मरतात, पण काहींची बीजे उकळत्या पाण्यातही टिकतात आणि रस्सा कोमट होताच पुन्हा फुटतात. त्यामुळे रात्रभर चुलीपाशी राहिलेल्या रश्शाला सकाळी कितीही उकळले तरी तो भरवशाचा होत नाही. कल्हई उडालेल्या पितळी पातेल्यात तर तो ठेवूच नये. आंबट पदार्थ त्यात कळकतो आणि मळमळ, उलट्या होतात.

दुसऱ्या दिवशी डबा उघडला की वर पांढरट-लाल थर गोठलेला दिसतो. तो तर्रीचा तेलकट भाग आणि शेळीची चरबी. ही चरबी अंगाच्या उष्णतेपेक्षा जास्त तापमानाला वितळते, म्हणून गार रस्सा ओठांना आणि टाळूला चिकटतो. गोठलेला थर चमच्याने अलगद उचलून वाटीत काढावा. फोडणीला त्यातला एक चमचा पुरतो. थराखालचा रस्सा खरवसासारखा थरथरत असेल तर आदल्या दिवशी हाडांतले बरेच काही सुटले आहे असे समजावे. हाडांच्या सांध्यांत आणि पडद्यांत कोलॅजन नावाचे प्रथिन असते. ओल्या उष्णतेत ते हळूहळू विरघळून त्याचे जिलेटिन होते, आणि जिलेटिन गार झाले की पाण्याला धरून ठेवते. सुपाचा पहिला दाटपणा येतो तो यातूनच.

आता हात धुऊन मांस सोडवायचे. बोटांनी सहज निघेल तेवढे मांस धाग्याच्या दिशेने सोलून वेगळे ठेवावे. चार माणसांना पाव किलो भरले तरी खूप झाले. उरलेली साधारण अर्धा किलो हाडे, मूठभर कांदा, आल्याचा तुकडा, चार-पाच मिरे आणि दीड लिटर पाणी कुकरमध्ये घालावे. रश्शात मीठ आधीच असते, म्हणून या टप्प्यावर मीठ घालू नये. पहिली शिट्टी झाली की आच बारीक करून पाऊण तास ठेवावे. धाराशिव शहर बालाघाटच्या पठारावर, समुद्रसपाटीपासून साडेसहाशे मीटरच्या आसपास उंचीवर आहे. तिथे उघड्या पातेल्यातले पाणी ९८ अंशांच्या सुमारास उकळते आणि तेवढ्या उष्णतेवर कोलॅजन सुटायला तीन-चार तास जातात. कुकरमधले तापमान १२० अंशांच्या जवळ जात असल्याने तेच काम पाऊण तासात होते. नंतर पाणी गाळून घ्यावे. नळीतला गर पाटावर ठोकून काढला तर तोही याच पाण्यात जातो.

सणाच्या दिवशी मटण शिजवताना हळद-मिठाचे पहिले पाणी, म्हणजे आळणी, वाटीभर बाजूला काढून ठेवले असेल तर दुसऱ्या दिवशीचे काम आणखी सोपे होते. काळ्या तिखटाचा रस्सा उकळून आटवला की तो जास्तच तिखट होतो. आळणी मात्र कितीही आटवली तरी तिखट होत नाही. लहान मुले आणि आजारी माणसांसाठी सूप करायचे असेल तर रस्सा अगदी थोडा आणि आळणी व हाडांचे पाणी जास्त, असे प्रमाण ठेवावे.

दुसरा दाटपणा पिठाचा. अमेरिकेत थँक्सगिव्हिंगच्या जेवणानंतर उरलेल्या टर्कीचे सूप करताना लोण्यात मैदा परततात, त्यावर टर्कीच्या सांगाड्याचे पाणी ओततात, साय घालतात आणि शेवटी अंड्याच्या नूडल्स सोडतात. मैदा परतण्याचे ते काम मराठवाड्यात येसराने आधीच करून ठेवलेले असते. गहू, हरभऱ्याची डाळ, तांदूळ किंवा बाजरी, त्यांच्यासोबत धने, जिरे, लवंग, मिरे, दगडफूल, सुके खोबरे आणि मिरची हे सगळे वेगवेगळे भाजून एकत्र दळले की येसर होते. धान्य कोणते आणि किती, हे घरागणिक बदलते. लग्नकार्यातली येसर आमटी याच पिठाची, आणि मटणाच्या रश्शालाही ते लावले जाते.

कच्चे पीठ आणि येसर यांत मोठा फरक आहे. पिठातल्या स्टार्चचे कण साधारण ६० ते ७५ अंशांच्या दरम्यान पाणी पिऊन फुगतात आणि द्रव दाट होतो. कच्चे पीठ गरम रश्शात टाकले तर प्रत्येक गुठळी बाहेरून चिकट होते आणि आत कोरडी राहते. भाजलेल्या पिठाचे कण सुटे राहतात, कच्चट वास जातो आणि खमंगपणा येतो. मात्र भाजण्यामुळे स्टार्चची दाटपणा देण्याची ताकद थोडी घटते. म्हणून ज्वारीचे पीठ दोन चमचे लागले असते तिथे येसर तीन मोठे चमचे लागते. येसर आधी वाटीभर गार पाण्यात कालवावे, गुठळी मोडली की बारीक धारेने उकळत्या पाण्यात सोडावे आणि दुसऱ्या हाताने पळी फिरवत राहावी.

सायीसारखा गुळगुळीतपणा मात्र पिठाने येत नाही, तो स्निग्धांशाने येतो. साय म्हणजे पाण्यात विखुरलेले चरबीचे बारीक थेंब. सुक्या खोबऱ्यात वजनाच्या निम्म्याहून जास्त तेल असते आणि तिळात जवळजवळ निम्मे. दोन मोठे चमचे खोबरे आणि एक चमचा तीळ भाजून पाट्यावर किंवा मिक्सरमध्ये पाणी शिंपडत वाटले की तेलाचे तसेच थेंब पाण्यात विखुरतात, आणि वाटलेल्या चोथ्याचे कण त्यांना एकत्र येऊ देत नाहीत. वाटण जितके बारीक, तितके सूप मऊ. तीळ नसतील तर भाजून सालपटे काढलेल्या शेंगदाण्यांचे वाटण चालते. दूध किंवा साय घालण्यात एक अडचण आहे. रश्शात टोमॅटो, चिंच किंवा दही असते, आणि आंबटपणा व उकळी एकत्र आली की दूध फुटते. खोबऱ्या-तिळाच्या वाटणाला ती भीती नाही.

नूडल्सच्या जागी येतात शेंगोळे. हुलगा, म्हणजे कुळीथ, हलक्या जमिनीत आणि कमी पावसात येणारे कडधान्य आहे. त्यात २० टक्क्यांहून अधिक प्रथिने असतात, पण गव्हासारखा चिकटा नसतो. निव्वळ हुलग्याच्या पिठाची लांब तार निघत नाही, ती मोडते. म्हणून एक वाटी हुलग्याच्या पिठात अर्धी वाटी गव्हाचे पीठ घालावे. लसूण, हिरवी मिरची आणि जिरे खलबत्त्यात ठेचून, हळद, मीठ आणि चमचाभर तेलासह घट्ट कणीक मळावी. दाबल्यावर बोटाचा ठसा राहील, पण हाताला पीठ चिकटणार नाही, इतकी घट्ट. पंधरा मिनिटे झाकून ठेवली की पीठ पाणी शोषते आणि वळताना तडा जात नाही.

वळण्याचे कौशल्य तळव्यात आहे. सुपारीएवढा गोळा घेऊन दोन्ही तळव्यांत पुढे-मागे फिरवला की करंगळीहून बारीक वळकटी खाली लोंबू लागते. तिची दोन्ही टोके जुळवून चिमटली की शेंगोळा तयार. टोके न जुळवता वळकटी सरळ सोडली तरी चालते, सुपात ती चमच्याने उचलायला सोपी जाते. सगळ्या वळकट्या एका जाडीच्या असाव्यात, नाहीतर बारीक विरघळतात तेव्हा जाड आतून कच्च्या असतात.

आता जोडणी. जाड बुडाच्या पातेल्यात काढून ठेवलेल्या चरबीचा एक चमचा गरम करून सात-आठ पाकळ्या लसूण लालसर परतावा. त्यावर खोबऱ्या-तिळाचे वाटण घालून कडेने तेल सुटेपर्यंत हलवावे, मग हाडांचे गाळलेले पाणी आणि उरलेला रस्सा ओतावा. खदखदून उकळी फुटली की शेंगोळे एकेक करून सोडायचे. पाणी कोमट असताना ते टाकले तर बाहेरचा थर बसत नाही, पीठ पाण्यात उतरते आणि पातेल्यात हुलग्याचे माडगे होते. पोटाला तेही चांगले, पण शेंगोळे उरत नाहीत. पहिली दोन-तीन मिनिटे पळी लावू नये. नंतर आच मध्यम करून पंधरा ते वीस मिनिटे शिजवावे. एक शेंगोळा मधोमध तोडून पाहिला की कच्च्या पिठाचा फिका ठिपका दिसतो किंवा दिसत नाही. दिसेनासा झाला की कालवलेले येसर धारेने सोडावे. येसर आधी घातले तर दाट झालेले पाणी बुडाला लागते आणि शेंगोळे शिजायला वेळ घेतात. सोललेले मांस अगदी शेवटी घालून एक सणसणीत उकळी द्यावी, म्हणजे ते पुरते गरम होते पण चिवट होत नाही. मिठाची चव याच वेळी पाहावी. वर कोथिंबीर आणि लिंबाची फोड.

काही घरांत हुलग्याचे पीठ हाताशी नसते. तेव्हा गव्हाच्या कणकेची पोळी लाटून तिच्या चौकोनी चकोल्या कापून सोडता येतात. चिकटा असल्याने त्या फुटत नाहीत आणि आठ-दहा मिनिटांत शिजतात. उन्हाळ्यात पाटावर केलेल्या शेवया एरवी दूध-गुळात जातात, पण तुपात लालसर भाजून घेतल्या तर सुपातही चालतात. भाजल्याने त्या एकमेकींना कमी चिकटतात. पाच मिनिटांवर मात्र त्यांना उकळीत ठेवू नये. टर्की किंवा कोंबडी उरली असेल तर रीत हीच. फक्त त्यांची हाडे लवकर सुटतात, म्हणून कुकरमध्ये पंचवीस-तीस मिनिटे पुरतात, आणि चरबी कमी असल्याने खोबऱ्या-तिळाचे वाटण थोडे वाढवावे लागते.

सूप बिघडले तर बहुतेक वेळा सावरता येते. जास्त दाट झाले तर गार पाणी घालू नये, उकळते पाणी घालावे. पातळ राहिले तर एक शेंगोळा पळीने कडेला चिरडून विरघळवावा. तिखट झाले तर खोबऱ्याचे आणखी वाटण घालावे, कारण मिरचीचा जाळ तेलात विरघळतो, पाण्यात नाही. खारट झाल्यास साधे गरम पाणी आणि चमचाभर येसर. शिळ्या मांसाचा उग्र वास येतो तो चरबीचा हवेशी संयोग झाल्यामुळे. लसूण, लवंग आणि मिरे ही क्रिया मंद करतात, पण आंबूस वास किंवा बुळबुळीतपणा आला असेल तर कोणताही मसाला तो झाकू शकत नाही, आणि झाकूही नये.

शिजलेले मटण फ्रिजमध्ये तीन-चार दिवस टिकते, मात्र ते दिवस सणाच्या दिवसापासून मोजायचे, सूप केल्यापासून नाही. शेंगोळे पाणी पीत राहतात आणि सकाळपर्यंत सुपाची खीर होते. म्हणून लागतील तेवढेच वळून शिजवावेत आणि उरलेली कणीक झाकून फ्रिजमध्ये ठेवावी. हाडांचे पाणी मात्र एकदम काढून, गार करून, छोट्या डब्यांत गोठवले तर दोन-तीन महिने चांगले राहते.