एका पेटींत अनेक संगणक

ठाणें, डोंबिवली, कल्याण येथील पुष्कळ सुशिक्षित घरांत माळ्यावर किंवा कपाटाच्या तळाशीं एक जुना संगणक कापडांत गुंडाळून ठेवलेला असतो. तो पुन्हां सुरू होईल याची खात्री नसते, आणि तो भंगारांत देण्याचें धैर्यही कोणास होत नाहीं. कारण त्यांत घरांतील कोणा वडीलधाऱ्याचें काम असतें. कुलवृत्तान्ताचीं टिपणें, एखाद्या मंडळाच्या स्मरणिकेचा मजकूर, कीर्तनाच्या आख्यानांच्या नकला, क्वचित् आजोबांनीं निवृत्तीनंतर लिहिलेलें आत्मवृत्त. १९९० नंतरच्या पंधरा वर्षांत असें लेखन आपल्याकडे बहुधा श्री-लिपि, आयएसएम, आकृति अशा प्रणालींवर टंकलिखित होई आणि पेजमेकरमध्यें त्याचीं पानें लावलीं जात. युनिकोड त्या वेळीं मराठींत रूढ झालेला नव्हता. प्रत्येक प्रणालीचा अक्षरसंकेत वेगळा असे. त्यामुळें ती फाइल आज नव्या संगणकावर उघडली असतां मराठीऐवजीं रोमन अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी पुढें येते. पेजमेकरची शेवटची मोठी आवृत्ति २००१ सालीं निघाली. आजचीं बहुतेक पानजुळणीचीं साधनें त्याच्या फाइली उघडतसुद्धां नाहींत. मजकूर नष्ट झालेला नसतो, पण तो वाचणारें घरच उरलेलें नसतें.

तें घर पुन्हां उभें करतां येतें. जुना संगणक त्याच्या विंडोज एक्सपीसह, फॉन्टांसह, फाइलींसह जसाच्या तसा एका नव्या यंत्राच्या पोटांत नांदविण्याची विद्या आतां घरगुती झाली आहे. तिला व्हर्च्युअल मशीन म्हणतात. मराठींत आपण आभासी यंत्र म्हणूं. अशीं चार-पांच आभासी यंत्रें अहोरात्र सांभाळणारी एक लहान, स्वस्त आणि मुख्य म्हणजे मुकाट पेटी घरांत कशी बसवावी, हें येथें सांगावयाचें आहे.

कल्पना समजण्यास आपला वाडा पुरे. एका वाड्यांत चार बिऱ्हाडें असतात. प्रत्येकाची चूल निराळी, दाराला कुलूप निराळें, पण जोतें, छप्पर आणि विहीर एकच. आभासी यंत्रांचें तसेंच आहे. मेमरी म्हणजे खोल्या; त्या ज्याला दिल्या त्याच्या, एकच खोली दोघांस एकदम देतां येत नाहीं. प्रोसेसर म्हणजे विहीर. तिच्यावर सर्व जण पाळीपाळीनें येतात आणि सर्वांस एकाच क्षणीं पाणी लागत नसल्यामुळें थोडक्या पाण्यावरही पुष्कळांचें भागतें. ही उपमा ज्याच्या ध्यानांत राहील त्याला यंत्र निवडतांना दुकानदार फसवूं शकणार नाहीं. कारण दुकानदार प्रोसेसरचें गुणगान करतो, आणि आपल्याला खरी गरज असते ती मेमरीची.

कल्पना जुनी आहे. आय.बी.एम. कंपनीच्या अमेरिकेंतील केंब्रिज येथील केंद्रांत १९६० नंतरच्या दशकांत तिचा उगम झाला आणि १९७२ सालीं व्हीएम/३७० या नांवानें ती ग्राहकांपुढें आली. पण तीं यंत्रें दालनें व्यापणारीं होतीं. घरगुती संगणकांत ही सोय प्रोसेसरमध्येंच बसविण्यास इंटेल व ए.एम.डी. या कंपन्यांनीं २००५-०६ मध्यें आरंभ केला, आणि २००७ सालीं लिनक्समध्यें केव्हीएम हा भाग समाविष्ट झाला. आतां ही विद्या फुकट मिळते.

आतां यंत्राची निवड. हौशी तरुणांची पहिली धांव कचेऱ्यांनीं टाकून दिलेल्या मोठ्या सर्व्हरकडे असते. तीं यंत्रें अवाढव्य असतात आणि मिळतात स्वस्त. तीं घेऊं नयेत, असें माझें स्पष्ट मत आहे. अशा यंत्राचा एक मजला केवळ पावणेदोन इंच उंच असतो. त्यांत बसणारे पंखे चार सेंटिमीटरांचे, आणि इवलासा पंखा पुरेसा वारा घालावयाचा तर त्याला मिनिटास हजारों फेरे घ्यावे लागतात. तो आवाज बंद दालनासाठीं योजिलेला आहे. रहिवासी भागांत रात्रीं दहा ते सहा या वेळांत बाहेरच्या आवाजाची कायदेशीर मर्यादा ४५ डेसिबेल आहे. मग शयनगृहांत किती शांतता हवी हें सांगावयास नको. डोंबिवलीच्या दोन खोल्यांच्या घरांत, जेथें भिंतीपलीकडेच आजी निजलेल्या असतात आणि पहांटेची लोकल गांठणारा मनुष्य चारला उठतो, तेथें असलें यंत्र आठ दिवसही टिकणार नाहीं. घरांतील बायकामाणसें तें बंद करवितील, आणि त्यांचें बरोबरच असेल.

दुसरा दोष बिलावर दिसतो. असें जुनें यंत्र कांहीं काम नसतांनाही १२० वॉट सहज खातें, म्हणजे साठ वॉटचे दोन पिवळे दिवे रात्रंदिवस जळत ठेवल्यासारखें. महिन्याचा हिशेब ८६ युनिटांवर जातो. महावितरणचे घरगुती दर टप्प्यांचे आहेत : शंभरपर्यंत एक, तीनशेपर्यंत दुसरा, पांचशेपर्यंत तिसरा. ज्या कुटुंबाचा वापर महिन्यास २५० युनिटें आहे तें या यंत्रामुळें ३३६ वर जातें आणि वरचीं ३६ युनिटें महाग टप्प्यांत पडतात. त्याऐवजीं १२ वॉटचें यंत्र ठेवलें तर महिन्यास नऊ युनिटेंही पुरीं होत नाहींत. एक वेळची खरेदी स्वस्त पडली म्हणून दर महिन्याचा भुर्दंड पत्करणें हा व्यवहार नव्हे.

बारा-पंधरा वॉटचें यंत्र मिळतें कोठें? कचेऱ्यांतूनच, पण निराळ्या टेबलावरून. डेल, एच.पी., लेनोव्हो या तिन्ही कंपन्यांचे लहान संगणक बँकांत व कचेऱ्यांत पडद्याच्या पाठीस चिकटविलेले आपण पाहतों. लांबी-रुंदी सुमारें अठरा सेंटिमीटर, जाडी साडेतीन. पोळपाटावर ठेवला तरी कडेला जागा उरेल. १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं विंडोज १० ची नेहमींची देखभाल संपली, आणि इंटेलच्या सातव्या पिढीपर्यंतचे बहुतेक प्रोसेसर विंडोज ११ स्वीकारीत नाहीं. त्यामुळें अशीं धडधाकट यंत्रें कचेऱ्यांच्या दृष्टीनें निकामी ठरलीं. लिनक्सला त्यांचें वावडें नाहीं. प्रोसेसरच्या नांवाअखेर 'टी' हें अक्षर पाहून घ्यावें. तो ३५ वॉटचा, थंड प्रकृतीचा असतो. अगदीं नवेंच हवें तर २०२३ पासून मिळणारें इंटेल एन१०० हें चार गाभ्यांचें प्रोसेसर असलेलें यंत्र आणखी कमी खातें. मात्र त्यांत मेमरीची पट्टी बहुधा एकच बसते.

खरेदीसाठीं अजून लॅमिंग्टन रोडसारखी जागा नाहीं. दादरला उतरून पश्चिम रेल्वेची धीमी गाडी धरावी आणि ग्रँट रोडला उतरावें. कागदावर त्या रस्त्याचें नांव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग आहे; विचारतांना जुनेंच सांगावें. दुकानांतच यंत्र सुरू करावयास लावावें, झांकण काढून मेमरीच्या जागा मोजाव्या, आरंभींच्या सेटिंगांवर पूर्वीच्या कचेरीचा पासवर्ड तर नाहीं ना तें पहावें. तो असला तर आभासी यंत्रांसाठीं लागणारी सोय चालू करतां येणार नाहीं आणि पेटी फुकट जाईल. पंख्याशीं कान नेण्यास संकोच करूं नये. मेमरी सोळा जीबी असावी. त्यांतली दोन घरमालकाची, म्हणजे मूळ प्रणालीची, एक्सपीच्या बिऱ्हाडास एक पुष्कळ झाली, कुटुंबाच्या छायाचित्रांचा संग्रह सहा घेईल, मुलांस लिनक्स शिकण्यासाठीं दोन-तीन, उरलेली गंगाजळी. २०२५ च्या उत्तरार्धांत जगभर मेमरीचे भाव चढले. तेव्हां मागाहून पट्ट्या घेण्यापेक्षां मेमरीसकट यंत्र घेणें बरें. आंतली फिरती हार्ड डिस्क असल्यास ती काढून एसएसडी बसवावी. तींत फिरणारें कांहींच नसल्यामुळें घरघर नाहीं आणि कंपही नाहीं.

आवाजाचा उरलेला अंश पंख्याचा. धूळ साचली कीं पंखा वेग वाढवितो, म्हणून दिवाळीच्या सफाईबरोबर आणि पावसाळ्याआधीं पेटी उघडून झटकावी. कपाटांत कोंडूं नये. लाकडी फळीवर ठेवल्यास खालीं रबराचे किंवा जाड बनातीचे चार तुकडे द्यावे, नाहींतर फळीच गुणगुणूं लागते. आणि यंत्र उंचावर ठेवावें. २६ जुलै २००५ च्या पुरांत कल्याण-बदलापूर भागांतील तळमजल्यांचें काय झालें हें ज्यांनीं पाहिलें त्यांस कारण सांगणें नको.

विजेचें दुसरें अंग म्हणजे तिचें जाणें. १२ ऑक्टोबर २०२० रोजीं सकाळीं दहाच्या सुमारास मुंबई-ठाणें परिसर एकाएकीं अंधारला. कळवा-पडघा या वीजवाहिन्यांतील बिघाडापासून तो प्रकार घडला होता. असा दिवस विरळा; पण पावसाळ्यांत दहा मिनिटें वीज जाणें नित्याचें, आणि लिहिणें चालू असतां यंत्र विझलें तर फाइली नासतात. आपल्याकडे पुष्कळ घरांत इन्व्हर्टर असतोच. त्याच्या पाठीस 'यूपीएस' असा खटका असल्यास तो त्या बाजूस ठेवावा. म्हणजे वीज गेल्यावर बदल इतका जलद होतो कीं बहुधा यंत्रास तो कळतही नाहीं. इन्व्हर्टर नसेल तर लहान यूपीएस घ्यावा, आणि तो यूएसबीच्या तारेनें यंत्रास जोडतां येईल असा पहावा. बॅटरी संपत आली कीं यंत्र स्वतःच सर्व बिऱ्हाडांस निजवून मग निजतें. वीज आल्यावर आपोआप सुरू व्हावें अशी सोय आरंभींच्या सेटिंगांत असते. तीही चालू करावी.

प्रणालीविषयीं फार लिहीत नाहीं. व्हिएन्ना येथील मंडळींची प्रॉक्समॉक्स ही प्रणाली २००८ पासून चालू आहे, फुकट वापरतां येते, आणि घरच्या कामास पुरून उरते. पूर्वीं अनेक जण व्हीएमवेअरची विनामूल्य आवृत्ति वापरीत. ब्रॉडकॉम कंपनीनें २०२३ च्या अखेरीस व्हीएमवेअर विकत घेतल्यावर २०२४ च्या आरंभीं ती बंद झाली आणि २०२५ मध्यें पुन्हां दिली गेली. अशा लहरीवर घरची व्यवस्था सोंपवूं नये.

मुख्य कार्य जुना संगणक आंत आणण्याचें. तो सुरू करण्याची घाई करूं नका. त्याची डिस्क काढून यूएसबीच्या जोडणीनें दुसऱ्या संगणकास लावावी आणि कांहींही उघडण्यापूर्वीं तिची अक्षरशः संपूर्ण प्रतिमा काढावी. वीस-पंचवीस वर्षांची डिस्क किती वेळां फिरेल याचा भरंवसा नाहीं. ती प्रतिमा हीच नव्या बिऱ्हाडाची डिस्क. डिस्कचा प्रकार जुना 'आयडीई' असाच निवडावा. नवा निवडल्यास एक्सपी ती ओळखत नाहीं आणि निळा पडदा दाखवून थांबते. कित्येक मराठी प्रणालींबरोबर डोंगल नांवाचें एक कुलूप येई. तें यूएसबीचें असेल तर यंत्रांतून त्या बिऱ्हाडास जोडून देतां येतें. प्रिंटरच्या रुंद खोबणीचें असेल तर लहान यंत्रांत ती खोबण नसतेच. पण नुसतें वाचण्यास व छापण्यास पुष्कळदां फॉन्ट पुरतात. विंडोजचा परवाना मात्र आपल्या त्याच संगणकाचा असावा.

एक पथ्य कडक. एक्सपीची देखभाल ८ एप्रिल २०१४ रोजीं संपली. तेव्हां तिला इंटरनेट देऊं नये. आभासी यंत्राची नेटवर्कची तार सेटिंगांतच काढून टाकतां येते. मग आंत बसून पेजमेकर उघडावा, मजकूर बाहेर काढावा, युनिकोडांत रूपांतरित करावा आणि पानांच्या पीडीएफ कराव्या. रूपांतरांत जोडाक्षरें आणि रफार हटकून चुकतात. येथें घरांतील ज्येष्ठांस बसवावें : यंत्र नातवानें चालवावें, मुद्रितें आजीनें तपासावीं. आडनांवांच्या आणि गांवांच्या चुका तिच्याच दृष्टीस पडतील. गुहागर कोठें हवें आणि गुहाघर कोठें झालें हें कोणत्याही प्रणालीस कळणार नाहीं.

हें सर्व झाल्यावर एकाच पेटींत सर्व ठेवून स्वस्थ बसूं नये. प्रॉक्समॉक्स दर रात्रीं प्रत्येक बिऱ्हाडाची नक्कल काढूं शकते. ती निराळ्या डिस्कवर जावी, आणि तशी आणखी एक डिस्क दर तीन महिन्यांनीं पुण्याच्या किंवा कोंकणांतल्या आप्तांकडे ठेवून मागची परत आणावी. वर्षांतून एकदां नकलेवरून एखादें बिऱ्हाड पुन्हां उभें करून पहावें. घरांतील एकट्यासच हें यंत्र उमजत असेल तर त्यानें एका साध्या वहींत पासवर्ड, यंत्राचा पत्ता, बंद व सुरू करण्याचा क्रम आणि नकलांच्या डिस्का कोणाकडे आहेत तें शाईनें लिहावें, आणि ती वही विमा व घरपट्टी यांच्या कागदांबरोबर ठेवावी.